वाफ जाते कुठं?

तुमच्यापैकी किती जणांनी खव्याची भट्टी पाहिली आहे? पेढे कुणी कुणी खाल्ले, असं मी विचारत नाही. तिथं सगळ्यांचेच हात वर जातील! मी विचारतेय भट्टीबद्दल. आमच्या धाराशिव जिल्ह्यात, त्यातही भूम तालुक्यात याल, तर गावोगावी भट्ट्या दिसतील. इकडं पाऊस कमी. बालाघाटच्या डोंगरउतारावरची जमीन हलकी. ज्वारी-सोयाबीन पदरात पडेलच याची खात्री नाही. म्हणून घरोघर म्हशी. म्हशी आहेत म्हणून दूध, आणि दूध रोज मोठ्या शहरात पोचवणं जमत नाही म्हणून खवा. कुंथलगिरीचा पेढा खाल्लाय ना? तो याच भागातला.

भट्टी म्हणजे काय, तर मातीचं मोठं चुलवण, त्यावर रुंद तोंडाची लोखंडी कढई आणि लांब दांड्याचं उलथनं घेऊन बसलेलं माणूस. बहुतेक वेळा ती बाई असते. दूध उकळायला लागलं की हात थांबवायचा नाही. थांबला की खाली लागलंच म्हणून समजा. चार-पाच लिटर म्हशीचं दूध आटवावं तेव्हा कुठं किलोभर खवा मिळतो. बाकीचं सगळं पाणी. ते वाफ होऊन जातं.

मी भूम तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. २०१८ साली पाचवीचा वर्ग माझ्याकडे होता. परिसर अभ्यासाच्या तासाला मी मुलांना शाळेजवळच्याच भट्टीवर घेऊन गेले. एक मुलगी मात्र भट्टीच्या जवळ येईना. तिची आई तिथंच उलथनं घेऊन बसलेली होती. धुरानं डोळे लाल, पदरानं पुसत होती. मुलगी लांब उभी राहून वरच बघत होती. मी विचारलं, "काय गं, काय बघतेस?"

"म्याडम, ही एवढी वाफ जाती कुटं?"

"वर. हवेत."

"मंग लाकडं जाळून आपुन आभाळच तापवायलोत की!"

सगळी पोरं हसली. मी हसले नाही. कारण पोरगी शंभर टक्के बरोबर बोलत होती, आणि तिला ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

आता जरा गणित करूया का? घाबरू नका, सोपं आहे. एक किलो पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. सकाळी पाणी २५ अंशांवर आहे. ते १०० अंशांपर्यंत न्यायचं तर ७५ किलोकॅलरी लागल्या. इथपर्यंत ठीक. पण १०० अंशांवर आलेल्या त्या एक किलो पाण्याची संपूर्ण वाफ करायची, तर आणखी सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात! म्हणजे पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपट ते उडवून लावायला लागते. आणि ही सातपट उष्णता जाते कुठं? वाफेच्या पोटात. ती वाफ दुसऱ्या एखाद्या गार वस्तूला भेटली की पुन्हा पाणी होते आणि पोटातली सगळी उष्णता देऊन टाकते. म्हणून तर वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट असतो. भट्टीवरची वाफ मात्र कुणालाच भेटत नाही. सरळ आभाळात जाते.

त्याच हिवाळ्यात आमची सहल एका साखर कारखान्यात गेली. गाळप हंगाम जोरात होता. उसाच्या रसात साधारण ८५ टक्के पाणी असतं. शंभर किलो रस घेतला, तर साखरेचे खडे पाडण्याआधी त्यातलं पाऊणशे किलो पाणी उडवावं लागतं. कारखाना दिवसाला हजारो टन ऊस गाळतो. तेवढं पाणी भट्टीच्या पद्धतीनं उडवायचं म्हटलं, तर सगळा बालाघाट तोडून जाळला तरी पुरणार नाही. पण कारखाना लाकूड जाळतच नाही! पिळलेल्या उसाचं चिपाड जाळतो, आणि तेवढ्यावर भागवतो. हे जमतं कसं?

तिथल्या एका काकांनी आम्हाला उंचच उंच चार-पाच टाक्यांची रांग दाखवली. पहिल्या टाकीत बॉयलरची वाफ येते आणि रस उकळवते. त्या रसातून जी वाफ निघते, ती आभाळात सोडत नाहीत. नळातून दुसऱ्या टाकीत नेतात, आणि तिच्यावर दुसऱ्या टाकीतला रस उकळतो. दुसरीची वाफ तिसरीला, तिसरीची चौथीला. म्हणजे एकदा केलेली वाफ चारदा राबते.

तुम्ही हुशार आहात, तुम्ही लगेच विचाराल, "पण बाई, पहिलीतली वाफ जेवढी गरम, तेवढाच दुसरीतला रस तापणार. मग तो उकळणार कसा?" अगदी बरोबर. इथंच तर खरी गंमत आहे. दुसऱ्या टाकीतली हवा थोडी काढून घेतलेली असते. दाब कमी केला की पाणी कमी तापमानाला उकळतं. डोंगरावर डाळ शिजत नाही, ती याचमुळे. प्रत्येक पुढच्या टाकीत दाब आणखी कमी. शेवटच्या टाकीत तर रस ५५-६० अंशांनाच उकळत असतो. हात धुवायला लागतं त्याहून थोडं गरम पाणी, बस्स!

मुलं टाक्यांभोवती पळत होती. आमची ती मुलगी मात्र काकांच्या मागं मागं. तिनं विचारलं, "हे कुणी काढलं?" काकांना नाव सांगता आलं नाही. मलाही तेव्हा माहीत नव्हतं. नंतर पुस्तकं चाळून शोधलं, आणि जे सापडलं ते तुम्हालाही सांगायलाच हवं.

त्या माणसाचं नाव नॉर्बर्ट रिलियू. जन्म १८०६, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात. वडील गोरे, आई कृष्णवर्णीय वंशाची. त्या मुलखात तेव्हा उसाचे प्रचंड मळे होते आणि मळ्यांवर गुलाम राबत. आपल्या गुऱ्हाळासारख्याच कढयांची रांग असे, आणि गुलाम उकळता रस मोठाल्या पळ्यांनी एका कढईतून दुसऱ्या कढईत ओतत. भाजणं तर रोजचंच. रिलियूनं हे लहानपणापासून पाहिलेलं. घरची परिस्थिती बरी होती म्हणून त्याला शिकायला पॅरिसला पाठवलं. तिथं 'एकोल सांत्राल' नावाची अभियांत्रिकीची शाळा १८२९ साली निघाली होती. सरकारनं नव्हे, एका व्यावसायिकानं आणि काही शास्त्रज्ञांनी मिळून काढलेली. का काढली? तर कारखान्यांना लागणारे अभियंते तयार व्हावेत म्हणून. त्या शाळेत रिलियू विशी ओलांडता ओलांडता शिकवायलासुद्धा लागला. पुढं मायदेशी परतून त्यानं १८४३ साली या टाक्यांच्या युक्तीचं पेटंट घेतलं. आज जगातल्या साखर कारखान्यांत, दूध पावडरच्या कारखान्यांत, मीठ आणि कागद बनवणाऱ्या कारखान्यांतही तीच युक्ती चालते. आणि ज्या मळेवाल्यांचे पैसे त्यानं वाचवले, त्यांच्या देशात त्याच्या वर्णामुळं त्याला बरोबरीनं वागवत नव्हते. शेवटी तो पॅरिसला परत गेला तो गेलाच. असो.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. मळ्यावरची कढई पाहिलेला मुलगा आणि कारखान्यांशी नातं असलेली शाळा, या दोघांची गाठ पडली म्हणून हे झालं. नुसत्या शाळेनं झालं नसतं. नुसती कढई तर हजारोंनी पाहिली होती.

आपल्याकडं अशी गाठ कधी पडली? पडली की! मुंबईची गोष्ट आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबई म्हणजे कापडगिरण्यांचं शहर. भोंग्यावर अख्खं शहर जागं व्हायचं. गिरण्यांत यंत्रं चालवायला जाणकार माणसं हवीत म्हणून १८८७ मध्येच 'व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट' निघाली होती. तीच आजची माटुंग्याची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था. पण कापड विणलं की काम संपत नाही. ते धुवायचं, पांढरं करायचं, रंगवायचं, छापायचं. हे सगळं रसायनाचं काम, आणि रंग तर परदेशातून यायचे. मग मुंबई विद्यापीठानं १ ऑक्टोबर १९३३ रोजी रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. त्यावेळचे कुलगुरू होते सर विठ्ठल चंदावरकर. ते स्वतः गिरणी व्यवसायातले. त्यांनी गिरणीवाल्यांना गळ घातली आणि पैसे उभे केले. कापडाचं रसायनशास्त्र आणि रासायनिक अभियांत्रिकी, असे दोन अभ्यासक्रम. सगळे त्या विभागाला 'यूडीसीटी' म्हणत.

आता हे ऐका. पहिली दहा वर्षं या विभागाला स्वतःची इमारतच नव्हती! दुसऱ्याच्या जागेत प्रयोगशाळा थाटलेली. १९४३ मध्ये, महायुद्ध पेटलेलं असताना, विभाग माटुंग्याच्या नव्या इमारतीत गेला. तोवर दहा वर्षं मुलं शिकून गिरण्यांत आणि कारखान्यांत कामालाही लागली होती. म्हणजे आधी काम, मग इमारत. मला हा क्रम फार आवडतो.

याच विभागात गोव्यातल्या माशेल गावचा एक मुलगा शिकला. वडील लहानपणीच वारले, आईनं मुंबईत मोलमजुरी करून वाढवलं. शाळेनंतर शिक्षण थांबायचीच वेळ आली होती, तेव्हा टाटांच्या एका न्यासाची महिना ६० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९६६ मध्ये तो रासायनिक अभियंता झाला, १९६९ मध्ये डॉक्टरेट. ओळखलंत? डॉ. रघुनाथ माशेलकर! हळदीचं पेटंट अमेरिकेतून रद्द करवून घेणाऱ्या लढाईत पुढं असलेले. त्यांच्याच विभागातले प्राध्यापक एम. एम. शर्मा १९९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. शर्मा सर कारखान्यांना सल्ला द्यायला जात आणि कारखान्यातले अवघड प्रश्न विद्यार्थ्यांपुढं आणून ठेवत. २००८ मध्ये या विभागाला स्वतंत्र अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आता त्याला रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे 'आयसीटी' म्हणतात.

मुंबई झाली. आपल्या भागाचं काय?

तसं म्हटलं तर आपल्या जिल्ह्याला अभियांत्रिकी नवी नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहाल पाहिलाय ना? सुमारे चारशे वर्षांपूर्वी दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर दगडी बांध घातला आणि बांधाच्या पोटात महाल बांधला. पावसाळ्यात नर आणि मादी असे दोन धबधबे डोक्यावरून कोसळतात, आणि आतला माणूस कोरडा! तेरच्या जुन्या मंदिरांच्या काही विटा तर पाण्यावर तरंगतात. हे करणारे लोक कुठल्या कॉलेजात शिकले, असं एका मुलानं मला विचारलं होतं. बापाच्या हाताखाली शिकले, आणखी कुठं? पण बापाच्या हाताखाली शिकायची ती सोय फक्त त्याच घरच्या मुलाला होती. कॉलेजचं मोल मला तिथं वाटतं. सुताराच्या मुलाला, खवा करणारीच्या मुलीला, कुणालाही दार उघडं.

मात्र ते दार आमच्याकडं उशिरा आलं. मराठवाड्यात सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय होतं औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९६० पासून. नांदेडचं आलं १९८१ मध्ये. मग १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना सरकारनं खाजगी संस्थांना विनाअनुदान महाविद्यालयं काढायला परवानगी दिली, आणि राज्यभर अभियांत्रिकीचे फलक लागले. धाराशिवचं तेरणा महाविद्यालय त्याच वेळचं. तुळजापूरचं तर देवीच्या मंदिर संस्थाननं काढलं. देवस्थानानं अभियांत्रिकी महाविद्यालय काढावं, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते. भक्तांनी वाहिलेल्या पैशातून लेथ मशीन!

पण विनाअनुदान म्हणजे काय, ते आमच्या घरानं चांगलं शिकलं. माझा आत्तेभाऊ, मी त्याला दादा म्हणते. बारावीला गुण चांगले पडले. आत्याच्या नवऱ्यानं दोन एकर रान विकून त्याला अभियांत्रिकीला घातलं. कुठल्या गावच्या कुठल्या कॉलेजात, ते सांगत नाही. इमारत मात्र काय होती म्हणता! काचेचं दार, संगमरवरी पायऱ्या, समोर कारंजं. आम्ही प्रवेशाच्या दिवशी सगळे गेलो होतो, आत्यानं तर पायरीला हात लावून नमस्कार केला. चार वर्षांनी दादा पदवी घेऊन बाहेर पडला आणि चाकणला एका कारखान्यात लागला. पहिल्या दिवशी साहेबांनी त्याला यंत्रासमोर उभं केलं. दादाला ते चालू कुठून करायचं हेच कळेना. कॉलेजात तसलंच यंत्र होतं, पण त्याच्यावर चारही वर्षं प्लॅस्टिकचं आवरण. "खराब होईल, हात लावू नका." परीक्षेला आकृती काढायची, गुण घ्यायचे. शेवटी शेजारच्या यंत्रावरच्या आयटीआय झालेल्या पोरानं त्याला शिकवलं. वयानं दादाहून चार वर्षांनी लहान. दादा त्याला अजून 'गुरुजी' म्हणतो, आणि चेष्टेनं नव्हे.

रान काही परत आलं नाही. दादानं ते कधी बोलून दाखवलं नाही, पण दिवाळीला आला की त्या बांधावरून एक चक्कर मारतो.

तेव्हापासून कुठल्याही नव्या कॉलेजची बातमी वाचली, की इमारतीचा फोटो मी बघतच नाही. मी शोधते, कार्यशाळेच्या फरशीवर तेलाचे डाग आहेत का. मुलं कारखान्यात किती महिने जातात. कारखान्यातली माणसं शिकवायला येतात का. तुमच्या घरात कुणी मोठा भाऊ किंवा बहीण प्रवेश घेणार असेल, तर त्यांनाही हे विचारायला सांगा. कारंजं बघून येऊ नका म्हणावं.

तर २०१८ मध्येच, म्हणजे आमची वाफेची गोष्ट घडली त्याच वर्षी, वर्तमानपत्रात बातमी आली. आयसीटीचा मराठवाडा परिसर जालन्याला सुरू होतोय. सुमारे दोनशे एकर जागा. त्याच वर्षी तसाच एक परिसर ओडिशात भुवनेश्वरला, इंडियन ऑईल कंपनीच्या सहकार्यानं. जालन्याच्या अभ्यासक्रमाची गोष्ट वाचली आणि मला दादाची आठवण झाली. पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम, आणि कारखान्यात जाऊन प्रत्यक्ष काम करण्याची सत्रं त्यात मध्ये मध्ये गुंफलेली. पुस्तक, मग कारखाना, मग परत पुस्तक. आवरण घातलेल्या यंत्रापुढं उभं राहून परीक्षा द्यायची सोयच नाही!

आणि गाव तरी कोणतं निवडलं? जालना. तिथं लोखंडाच्या सळया बनवणारे कारखाने आहेत. १९६४ मध्ये सुरू झालेली 'महिको' ही बियाण्यांची कंपनी तिथलीच. म्हणजे शेजार आहे. मी ते कात्रण वर्गातल्या फळ्याशेजारी चिकटवलं. पाचवीच्या पोरांना काय कळणार, असं आमचे एक सहकारी म्हणाले. नाही कळलं तर नाही. भिंत तरी रिकामी राहिली नाही.

आमच्या वाफवाल्या मुलीनं मात्र ते वाचलं. दोनदा वाचलं. आणि मधल्या सुट्टीत येऊन म्हणाली, "म्याडम, ह्येच्यात भट्टीचं कायीच न्हाई."

काय उत्तर देणार? खरंच नव्हतं. मुलांनो, यावर मी पुष्कळ विचार केलाय, आणि तुमच्यापाशी मोकळेपणानं बोलते. उद्योगांशी नातं असलेलं कॉलेज चांगलंच. पण उद्योग म्हणजे कोण? १९३३ मध्ये गिरणीवाल्यांनी पैसे दिले, ते काही दानधर्म म्हणून नाही. त्यांना रंगारी हवे होते, म्हणून कापड रंगवायचं शास्त्र शिकवलं गेलं. ज्याच्याकडं पैसा आणि संघटना, त्याचा प्रश्न प्रयोगशाळेत आधी पोचतो. खवा करणारीची कुठं संघटना? ती कुठल्या कुलगुरूंना देणगी देणार? कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत खवा करण्याच्या यंत्रांवर काम झालेलं आहे, ते चांगलं आहे. आमच्याकडंही काही ठिकाणी फिरती कढई आली आहे. पण दिवसाला चाळीस-पन्नास लिटर दूध आटवणाऱ्या बाईला परवडेल, आणि गावच्या वेल्डिंगवाल्याला दुरुस्त करता येईल, असं काही हवं की नको? हा प्रश्न कारखानदार घेऊन येणार नाही. तो भट्टीजवळ वाढलेल्या कुणीतरीच आत घेऊन जायला हवा. म्हणून मला वाटतं की त्या मुलीनं आत जावं. तिला नोकरी लागेल, हे तर आहेच. पण तो प्रश्नही तिच्याबरोबर आत जाईल.

सातवीपर्यंत ती आमच्या शाळेत होती. एका दुपारी मी आणि तिनं मिळून एक हिशेब केला. कढईवरची वाफ पकडून दुसऱ्या कढईतलं दूध उकळवायचं, तर कारखान्यासारखा दाब कमी करावा लागणार. त्याला पंप हवा, बंद टाकी हवी. ते आपल्याच्यानं होणार नाही. पण त्या वाफेवर पुढच्या घाण्याचं गार दूध नुसतं तापवून घेतलं तर? मघाचं गणित आठवतंय? एकूण उष्णता ७५ आणि ५४०, म्हणजे ६१५. त्यातले ७५ वाचले, तर सुमारे आठवा हिस्सा. आठ मोळ्या लाकडं लागत असतील तर एक मोळी वाचली. "येकच?" ती हिरमुसून म्हणाली. मी म्हटलं, "तुझ्या आईला विचार, एक मोळी म्हणजे काय असतं ते." दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "आई म्हनली, एक मोळी म्हंजी सकाळचे दोन तास."

एक अडचण मात्र राहिलीच. वाफ पकडायची तर कढईवर झाकण हवं. आणि झाकण घातलं तर उलथनं कुठून फिरवायचं? खवा तर सारखा हलवावा लागतो. आम्ही दोघींनी खूप डोकं खाजवलं, मग घंटा झाली.

दहावीनंतर तिला कुठं घालायचं यावर त्यांच्या घरात महिनाभर वाद चालला. आजोबा म्हणत, पोरीला एवढ्या लांब कशाला. आई काही बोलत नव्हती. मी गेले, दादालाही फोनवर बोलायला लावलं. जालना तर बारावीनंतरची गोष्ट, शिवाय अकरावी-बारावीचे क्लास लातूरला, त्यांचा खर्च कोण करणार? शेवटी सरकारी तंत्रनिकेतन ठरलं. धाराशिवला आहे, फी परवडते, वसतिगृहाची सोय झाली. मेकॅनिकलचा डिप्लोमा. तीन वर्षांनी चांगले गुण असतील तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, हे पुष्कळ पालकांना माहीतच नसतं. तुमच्या घरी सांगून ठेवा.

निघायच्या दिवशी तिच्या आईनं पिशवीत पावशेर खवा बांधून दिला, आणि मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाली, "म्याडम, तितं यंत्रं झाकून तर ठिवत न्हाईत न्हवं?" दादाची गोष्ट लेकीनं घरी सांगितली होती, हे मला तेव्हा कळलं.

झाकून ठेवत नाहीत. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या सुट्टीत आली तेव्हा तिच्या बोटांना काळा ग्रीस होता आणि ती तो मुद्दाम धूत नव्हती, असा मला संशय आहे. या दिवाळीत तिनं गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याचं एक झाकण करून घेतलं. मधोमध भोक, भोकातून दांडा, दांड्याला खाली कढईच्या तळावरून फिरणाऱ्या दोन पात्या, आणि वर हातानं फिरवायची मूठ. बाजूला वाफेसाठी नळी. नळी वेटोळं घालून शेजारच्या दुधाच्या पिंपात जाते. दादा सुट्टीवर आला होता. त्यानं ते सगळं उलटंपालटं करून पाहिलं, पात्यांचा कोन बदलायला सांगितला, आणि म्हणाला, "हे मला चौथ्या वर्षाच्या प्रोजेक्टला सुचलं नव्हतं."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पाच लिटर दूध घालून चाचणी झाली. निम्मं गाव जमलं होतं. पिंपातलं दूध चांगलं कोमट झालं, तिच्या आईनं बोट बुडवून पाहिलं. पण दांड्याच्या भोकातून वाफ फुसफुस बाहेर येत होती, आणि शेवटी खवा घट्ट व्हायला लागला तशी मूठ फिरेना. खाली थोडं लागलंच. तो खवा पोरांनी तिथंच संपवला. आता ती भोकाला कसलं पॅकिंग घालावं, जे गरम दुधालाही चालेल आणि खाण्याच्या पदार्थात विरघळणार नाही, हे तंत्रनिकेतनातल्या सरांना विचारते आहे. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं, तर कागदावर आकृती काढून ठेवा. मूठ जड होते त्यावरही.